आपोआप होते म्हणे

शनिवारचा राग अजून उतरला नाही म्हणून लिहून राहिलो.

वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यातली शाळा. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला, तर लॅबच्या 12 मशीनवर विंडोज 11 टाकून द्या म्हणाले. मी हेडसरांसमोर फुशारकी मारली, अनअटेंडेड करतो सर, भाषा, पार्टिशन, युजर सगळी उत्तरं एका फाईलीत लिहून ठेवतो, पेनड्राइव्ह लावायचा अन् चहा प्यायला जायचं. चहाचं बोललोच नसतो तर बरं झालं असतं.

चार मशीनला चार पेनड्राइव्ह लावले. चारही स्क्रीनवर तेच, भाषा निवडा, नेक्स्ट दाबा.

शिपाई काका दारात खर्रा घोटत उभे. "भाऊ, हे आपोआप होनार होतं ना?"

"होते काका, थांबा."

"मंग थे तुले काय विचारून राह्यलं?"

मी गप.

"आमच्या विहिरीवर ऑटो लावला हाय. रात्री दोनले लाईन आली का मोटार आपली आपण सुरू, मी घरी घोरत रायतो. थे नाई विचारत बाप्पा, नेक्स्ट दाबू का मनून."

आता हे ऑटो काढा म्हणून वीजवाले किती वर्षांपासून बोंबलतात, लाईन आली की सगळ्या मोटारी एकदम उठतात अन् डीपी, म्हणजे गावचा ट्रान्सफॉर्मर, जाते, पण हे काकांना सांगायची माझी सोय राहिली होती का? आणि रात्री दोनलाच लाईन देता तर माणूस ऑटो नाही लावणार तर काय करणार, जाऊ द्या.

मी तासभर फाईलीतला एकेक टॅग तपासत बसलो. तिकडे काकांनी खर्रा तोंडात टाकला अन् बोटानं नेक्स्ट, नेक्स्ट दाबत चारही मशीन भरून टाकल्या. मग दिसलं. नवीन टेक्स्ट फाईल घेऊन नाव बदललं होतं, ऑटोअनअटेंड डॉट एक्सएमएल, अन् त्याच्या शेपटीला डॉट टीएक्सटी तसंच चिकटलेलं. सेटअपला नाव तंतोतंत लागते, अन् हेच विंडोज नावाची ही शेपूट, म्हणजे एक्स्टेंशन, मुळातच लपवून ठेवते. स्वतःच लपवायचं अन् स्वतःच म्हणायचं फाईल सापडत नाही! शेपूट कापली, उरलेल्या आठ मशीन कोणी हात न लावता झाल्या, पण तेव्हा बघायला कोणी नव्हतं.

संध्याकाळी बिल दिलं. हेडसरांनी चष्मा वर करून वाचलं.

"चार काकांनी केल्या, आठ आपोआप झाल्या. मग ही मजुरी कशाची लावली?"

चहा पाजला. काकांना आधी.