लिमिट ४ लावलं म्हणून पहिले चार मिळत नाहीत

इंदुरात मुलाखतींची तयारी करणाऱ्या आपल्या मराठी मुलामुलींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एसक्यूएलबद्दल, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायच्या भाषेबद्दल, एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: टॉप चार काढायचे तर ऑर्डर बाय (क्रम लावणारा भाग) लावा आणि लिमिट ४ (फक्त चार नोंदी) द्या. ज्यावर क्रम लावला ते मूल्य सारखं निघालं तर डेटाबेस आधी भरलेली नोंद आधी देतो. तरी शंका असेल तर ऑर्डर बायमध्ये मागे आयडी (प्रत्येक नोंदीचा वेगळा क्रमांक) जोडा. नोंदींना क्रमांक देणाऱ्या रँक, डेन्स रँक आणि रो नंबर यांत फक्त नावाचा फरक आहे.

हा मेसेज पाठ करून मुलं मुलाखतीला जातात आणि पुढे हेच कामातही वापरतात, म्हणून सविस्तर लिहितो.

दहावीच्या निकालानंतर आपली मंडळं गुणवंतांचे सत्कार करतात, तेच उदाहरण घेऊ. समजा, पाचशेपैकी गुण आहेत ४९१, ४८८, ४८८, ४८६, ४८६, ४८२. बक्षिसं चार. लिमिट ४ लावलं की पहिले तीन नीट येतात आणि ४८६ वाल्या दोघांपैकी एकच येतो. दुसऱ्याचं नाव यादीत नाही, आणि नाव कापलं गेलं हे सांगणारी एरर किंवा सूचनाही नाही. यादी तर चार नावांची, अगदी व्यवस्थित दिसते. ४८८ ची बरोबरी इथे निरुपद्रवी आहे, कारण ते दोघंही आत आहेत. घात करते ती सीमारेषेवरची बरोबरी.

मग त्या दोघांतला कोण आत येतो? मेसेज म्हणतो, आधी भरलेला. असा नियम कुठेच नाही. ऑर्डर बायमध्ये जे लिहिलं नाही, त्याचा क्रम डेटाबेसवर बंधनकारक नसतो. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या अधिकृत दस्तऐवजातही सांगितलंय की अशा सारख्या रो (टेबलातल्या नोंदी) कुठल्याही क्रमाने येऊ शकतात आणि लिमिट असण्या-नसण्यानेही तो क्रम बदलू शकतो.

'मी कितीदा चालवून पाहिलं, तेच उत्तर येतं' हा युक्तिवाद लहान टेबलावर पटतोही. पण पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये एखाद्या मुलीच्या वडिलांचा नुसता मोबाइल नंबर बदला. गुणांना हात लावलेला नाही, तरी अपडेट म्हणजे तिथे त्या रोची नवी प्रत तयार होते आणि ती टेबलात दुसऱ्या जागी जाऊन बसू शकते. पुढच्या वेळी ४८६ वाल्यांतलं दुसरंच नाव वर येऊ शकतं. नवा इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) टाकला, डेटा वाढून क्वेरीचा, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाचा, उत्तर काढायचा प्लॅन बदलला, तरी तेच. फोन नंबर बदलल्याने एखाद्या मुलाचं बक्षीस जावं, हे मला तरी मान्य नाही.

आयडी जोडण्याचा सल्ला अर्धा बरोबर आहे. यादी पानापानांनी दाखवायची असेल तर आयडी जोडलाच पाहिजे; नाहीतर एकच नाव दोन पानांवर दिसतं आणि दुसरं कुठेच दिसत नाही. पण बक्षिसांच्या यादीत आयडी जोडणं म्हणजे बरोबरी झाल्यास ज्याचा फॉर्म आधी भरला गेला तो जिंकला, असं ठरवणं. मंडळाला तसंच हवं असेल तर खुशाल करा, पण ते मंडळाने ठरवावं.

आता चौथा मुद्दा, जो मुलाखतीत हमखास विचारतात. वरच्याच गुणांवर चालवून बघा. रो नंबर देतो १, २, ३, ४, ५, ६. रँक देतो १, २, २, ४, ४, ६. डेन्स रँक देतो १, २, २, ३, ३, ४. आता 'चार किंवा कमी' अशी अट घाला: रो नंबर चार नावं देतो, रँक पाच, डेन्स रँक सहा. पहिले चार विद्यार्थी हवेत आणि बरोबरीवाला सुटायला नको, तर रँक. वरचे चार वेगवेगळे गुण आणि ते मिळवणारे सगळे हवेत, तर डेन्स रँक. ही अट त्याच क्वेरीच्या व्हेअरमध्ये (अट लिहायच्या भागात) चालत नाही, क्वेरी आतल्या सबक्वेरीत ठेवून बाहेरून अट लावावी लागते.

रँकचं काम थोडक्यात करणारी सोयही आहे. एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमध्ये टॉप ४ ला (तिथलं लिमिट ४) विथ टाइज जोडता येतं, म्हणजे शेवटच्याशी बरोबरी असलेलेही सगळे येतात. ओरॅकलमध्ये १२सी पासून आणि पोस्टग्रेसमध्ये २०२० च्या १३ व्या आवृत्तीपासून ते फेच फर्स्टला (लिमिटसारख्याच भागाला) जोडता येतं. मात्र इथे मागे आयडी जोडलात तर विथ टाइज असूनही चारच नावं येतील, कारण मग कुठल्याच दोन रो बरोबरीच्या उरत नाहीत. मेसेज वाचून सवयीने आयडी लावणारे नेमके इथे फसतात.

मायएसक्यूएलमध्ये विथ टाइज नाही, आणि रँकसुद्धा ८.० पासूनच आहे. ज्यांच्याकडे अजून ५.७ चालतं त्यांनी आधी उतरत्या क्रमाने चौथ्या जागेवरचे गुण काढावेत (लिमिट १, ऑफसेट ३, म्हणजे पहिले तीन सोडून पुढचा एक), आणि मग तेवढे किंवा जास्त गुण असलेले सगळे घ्यावेत. वरच्या उदाहरणात ते ४८६ येतात आणि पाचही नावं मिळतात. फक्त टेबलात चारपेक्षा कमी रो असतील तर आतली क्वेरी नल (काहीच मूल्य नाही) देते आणि यादी रिकामी येते, तेव्हा तिथे कोअलेस लावून नलच्या जागी शून्य धरा.