गोवर-रुबेला लसीवर बंदी? त्या निकालात असं काही नाही

‘दिल्ली हायकोर्टाने शाळेतल्या गोवर-रुबेला लसीवर बंदी घातली. लस धोक्याची आहे म्हणूनच पालकांची सही मागतात. सही केलीत की जबाबदारी तुमची.’ पालकांच्या ग्रुपवर हा मेसेज फिरतोय. यात एवढंच खरं, की दिल्लीत खटला झाला होता.

आधी बंदीचं बघू. जानेवारी 2019 मध्ये दिल्लीच्या शाळांत मोहीम सुरू होणार होती, तीही पालकांची संमती न घेता. काही पालक कोर्टात गेले. न्यायमूर्ती विभू बाखरू यांनी लसीला हात लावला नाही. पालकांना न विचारता टोचायला मनाई केली. फायदे, दुष्परिणाम आणि लस कोणाला देऊ नये, हे सगळं पालकांना कळवा, असा आदेश दिला. दुष्परिणाम छापले तर पालक घाबरतील, हा सरकारचा बचाव त्यांनी मान्य केला नाही. मेसेजवाले मात्र एक गोष्ट गाळतात: शाळेने विचारूनही पालकांनी होय-नाही काहीच कळवलं नाही, तर संमती गृहीत धरायची मुभा त्याच निकालात आहे. बंदी घातलेल्या लसीला अशी मुभा कोण देईल?

सही मागितली म्हणजे धोका, हेही चूक. अपेंडिक्सच्या ऑपरेशनआधी आपण सही करतोच की. अमेरिकेत 1986 च्या कायद्यामुळे ठरावीक लसींच्या प्रत्येक डोसआधी पालकांच्या हाती माहितीपत्रक द्यावंच लागतं, आणि लसीकरण तिथेही चालूच आहे. आपल्याकडे नर्सताईंनी चार गोष्टी सांगायच्या असतात: कोणती लस दिली आणि ती कशापासून वाचवते, काय त्रास होऊ शकतो आणि झाला तर काय करायचं, पुढच्या डोसला कधी यायचं, कार्ड जपून ठेवा. त्यानंतर अर्धा तास तिथेच थांबायचं.

महाराष्ट्रात 27 नोव्हेंबर 2018 ला मोहीम सुरू झाली तेव्हा माझ्या मुलीच्या वहीत एकच ओळ आली: ‘उद्या लस आहे, नाश्ता करून पाठवा.’ कसली लस, कशासाठी, काही नाही. मी चिडले होते, आजही तो राग मला रास्त वाटतो. आठवड्या-दीड आठवड्याने ताप किंवा हलकं पुरळ येऊ शकतं, एवढं जरी लिहिलं असतं तरी निम्म्या आया घाबरल्या नसत्या. असे मेसेज पसरतात ते याच मोकळ्या जागेत.

जबाबदारीचं म्हणाल, तर सहीचा अर्थ ‘आम्हाला सांगितलं, लस द्या’ एवढाच. हलगर्जीपणा त्याने माफ होत नाही. लसीनंतर गंभीर काही घडलं तर त्याची नोंद आणि चौकशी करणं आरोग्य खात्यावर बंधनकारकच राहतं.

2022 च्या अखेरीस मुंबईतल्या गोवंडीत गोवराने लहान मुलं दगावली. रुबेला गरोदरपणात झाला तर बाळ बहिरं, मोतीबिंदू किंवा हृदयदोष घेऊन जन्मू शकतं. शाळेकडून चिठ्ठी आली तर ती पूर्ण वाचा, मुलाला आधी कुठल्या लसीची जोरात ॲलर्जी आली असेल तर कळवा, आणि सही करून परत पाठवा.