पिवळ्या दिव्यावर काळी चिकटपट्टी

आज सकाळपासून डोकं फिरलंय. वेळ नसेल त्यांनी खुशाल पुढे सरकावं.

ऑफिसातल्या एका मुलाने येताना त्याच्या गाडीतून आणलं. हुशार पोरगा, गाडी नवी, डॅशबोर्डवरचा स्क्रीन तर केवढा! आणि स्पीडोमीटरच्या कोपऱ्यात नखाएवढा काळ्या चिकटपट्टीचा तुकडा. म्हटलं, "हे काय रे?" तर म्हणे, "काही नाही मॅडम, तो टायरचा दिवा सारखा पेटलेला असतो, डोळ्यांत खुपतो. सेन्सर गंडलाय बहुतेक."

किती दिवस झाले? "तीनेक आठवडे."

तीन आठवडे! मी उरलेला रस्ता गप्प बसून काढला, कारण तोंड उघडलं असतं तर उतरवलंच असतं त्याने मला.

अरे, टायरमधली हवा कमी झाली की सांगायला असतो तो दिवा! हवा मोजणारा सेन्सर गंडला की बहुतेक गाड्यांत तो आधी मिनिटभर लुकलुकतो, मग स्थिर होतो. न लुकलुकता सरळ पेटून राहिला तर हवा कमी आहे, एवढं साधं आहे ते. बरं, सेन्सरची बॅटरी पाच-दहा वर्षांत संपते, मान्य. याची गाडी दीड वर्षाची आहे! आणि हा दिवा काही उतावळा नाही. अमेरिकेत सप्टेंबर २००७ पासून प्रत्येक नव्या कारला तो सक्तीचा आहे, पण तिथल्या नियमाने हवा पाव हिश्शाने उतरल्यावर पेटला तरी चालतो. म्हणजे ३३ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवी असेल तर २५ च्या आसपास येईपर्यंत तो मुकाट. तो पेटला म्हणजे आपल्याला आधीच उशीर झालाय. त्याच्यावर चिकटपट्टी?

आता माझी गोष्ट. काहींनी ऐकलीय, परत ऐका.

चार वर्षांपूर्वी, रात्रीची वेळ, हायवे, गाडी सामानाने ठासून भरलेली, मागे आई. एकाएकी मागून फडफड फडफड आवाज. आई म्हणाली, "कुणी धुणं आपटतंय का गं?" स्टिअरिंग घट्ट धरून, ब्रेक न मारता कशीबशी कडेला घेतली. मागच्या टायरची बाजू फाटून नुसत्या चिंध्या झालेल्या, आणि आत बोट घातलं तर रबराचा काळा भुसा. कमी हवेवर धावताना टायरची बाजू चाकाच्या प्रत्येक फेरीला दुमडते, तापते आणि आतून अशी दळली जाते. वरून काही दिसत नाही. "मी बघितलं, टायर ठीक दिसतोय" म्हणणाऱ्यांचा मला म्हणूनच राग येतो. रेडियल टायर, म्हणजे हल्ली कारला असतो तो, तसाही खाली थोडा फुगलेलाच दिसतो. डोळ्याने हवा मोजता येत नाही हो!

आणि हो, स्टेपनी होती. बारीक चाकाची, जिच्यात ६० पीएसआय लागते ती. तिच्यात जेमतेम अर्धी हवा. दोन तास अंधारात बसलो, आई एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

असो. विषय हवेचा. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. टायरवरचा आकडा तो नव्हे! ती कमाल मर्यादा. आणि मोजायची गार टायरवर, गाडी तीन तास उभी राहिल्यावर. चालवून आलात की आकडा चार-पाचने चढलेला असतो, मग "जास्त झाली" म्हणून हवा सोडता आणि सकाळी टायर बसलेला. थंडी पडली की पाच-सहा अंशांमागे एक पीएसआय अशीही उतरते. महिन्यातून एकदा, चार टायर, पाच मिनिटं. (टायरमध्ये हवेऐवजी नायट्रोजन भरणाऱ्यांनो, साध्या हवेत ७८ टक्के तोच असतो. जरा हळू गळतो, बरं, तुमचंही खरं. मोजावं लागतंच.)

इथपर्यंत तावातावाने लिहिलं आणि आता थांबले, कारण जे दर वेळी गाळते ते आज सांगून टाकते.

त्या रात्रीच्या आठवडाभर आधी माझ्याही गाडीत दिवा पेटला होता. माझ्या गाडीत चाकात सेन्सर नाही. हवा कमी झालेलं चाक किंचित जास्त वेगाने फिरतं, ते एबीएसच्या, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या, सेन्सरवरून ताडतात. हवा भरून झाली की एक बटण दाबून गाडीला सांगायचं, की हे आता बरोबर आहे. मी हवा न भरताच बटण दाबलं. दिवा गेला, मी खूश. गाडीने बिचारीने माझ्या शब्दावर विश्वास ठेवला आणि पुढे आठवडाभर काही बोलली नाही. आईला हे अजून माहीत नाही.

तर त्या पोराची चिकटपट्टी आणि माझं बटण, फरक काय?

दुपारी त्याला खाली पार्किंगमध्ये नेलं. हवा मोजायचं गेज माझ्या पर्समध्येच असतं, हसा. पुढचे दोन्ही २८, मागचा डावा २७, मागचा उजवा २१. त्या चाकाच्या व्हॉल्व्हला टोपणच नव्हतं. थुंकी लावून बघितली तर बारीकसा बुडबुडा फुगतोय, फुटतोय, परत फुगतोय. पोरगा उकिडवा बसून बघत राहिला. या गाडीला स्टेपनी नाही, डिकीत छोटा कॉम्प्रेसर मिळालेला, तो प्लास्टिकमधून काढलेलासुद्धा नव्हता. चारही ३३ करून घेतले आणि घरी जाताना आधी व्हॉल्व्ह बदलून घे म्हणून बजावलं.

आत्ता त्याचा फोन आला होता. व्हॉल्व्ह बदलला. दिवा गेला का ते बघायला चिकटपट्टी काढली, दिवा गेलाय, पण काचेवर गोंद राहिलाय. "तो कशाने निघेल, मॅडम?"

माहीत असेल तर सांगा कुणीतरी. मला खरंच माहीत नाही.