सरळ जात नाही वाटतं?

होडीची झिगझॅग चाचणी, म्हणजे वळवल्यावर ती किती ऐकते ते पाहणं, चारचौघांत घेऊ नये. तळ्यावर तर नाहीच नाही.

दोन्ही थ्रस्टर (पाण्याचा झोत मारून होडी ढकलणारे पंखे) 20 अंश उजवीकडे. नाक 20 अंश वळलं की लगेच 20 अंश डावीकडे. होडी ऐकते, पण आधी आणखी थोडी उजवीकडे जाऊन मग. ते जादा वळण म्हणजे ओव्हरशूट. सगळी उठाठेव त्या एका आकड्यासाठी. काठावरून मात्र दिसतो तो झोकांड्या खाणारा दीड मीटरचा कॅटमरान, दोन धडांची जोडहोडी.

"सरळ जात नाही वाटतं?" एक काका.

"मुद्दाम वळवतोय."

"आमचा भाचाही हेच म्हणायचा. स्कूटर शिकताना. खांबाला धडकला तोही मुद्दामच." मग वाकून, "सुकाणू कुठाय?"

"नाही. थ्रस्टरच फिरतात."

काकांनी मागच्या बाईंना कळवलं, "सुकाणू बसवायलाच विसरलाय!"

आता यांना काय सांगायचं? दोन लांब, अरुंद धडं (हल) म्हणजे सरळ जाण्याचा हट्ट; नुसत्या सुकाणूवर कॅटमरान ऐसपैस वर्तुळ मारतो. आयएमओ, म्हणजे जहाजांचे नियम ठरवणारी आंतरराष्ट्रीय संस्था. तिचे 2002 चे निकष वर्तुळाच्या व्यासाला जहाजाच्या लांबीच्या पाचपटीपर्यंत मुभा देतात, पण ते मुळात 100 मीटर आणि त्यापुढच्या जहाजांसाठी. आमच्यासारखे लोक ते उसने घेतात. वर्तुळही एका फेरीत भागत नाही. दीड फेरी मारायची, दोन्ही दिशांना, तेव्हा कुठे वाऱ्याने किती वाहवलं ते वजा करता येतं.

"गोल गोल काय फिरवतोस? चक्कर येईल तिला."

मग उजवीकडे आडवं सरकणं. डावा थ्रस्टर तिरका पुढे ढकलतो, उजवा तिरका मागे, दोन्ही जोरांच्या रेषा होडीच्या मध्यातून. पण उजव्याचा झोत थेट डाव्या हलवर आदळतो, जोर वाया जातो आणि होडी सरकायची सोडून वळते. उजव्याला जास्त पॉवर दिली, तेव्हा सरकली.

"आता तर तिरकीच चालायला लागली!"

शेवटी थांबवण्याची चाचणी. झोत बाहेरच्या अंगाने नेत दोन्ही थ्रस्टर 180 अंश फिरवायचे, म्हणजे आडवे जोर एकमेकांना खातात. अट एकच: दोन्ही सर्वो (थ्रस्टर फिरवणाऱ्या छोट्या मोटरी) बरोबरीने फिरले पाहिजेत. डबीवर छापलेला वेग बिनभाराचा असतो. झोताचा भार आल्यावर किती मंदावेल, ते कुणी छापत नाही. डावा रेंगाळला आणि होडीने जागच्या जागी गिरकी घेतली.

काकांनी टाळ्या वाजवल्या. "हे जमलं बघ!"