‘ओळख असून पैसे ठेवून घेतले नाहीत’ या तक्रारीला बँकेच्या ग्राहक सेवा केंद्राच्या चालकाचं उत्तर

नमस्कार. गणपतीला गावी आलात तेव्हा आईंच्या खात्यात पैसे भरायचे होते. सर्व्हर बंद होता. मी रोकड ठेवून घेतली नाही, पासबुकात हाताने लिहूनही दिलं नाही, म्हणून तुम्ही एक स्टार दिलात. शिवाय ‘आदल्या दिवशी पैसे काढायला आईचा दोनदा अंगठा घेतला आणि पैसे एकदाही दिले नाहीत’ असंही लिहिलंत. खातं-रक्कम चारचौघांत काढत नाही, बाकीचं सांगतो.

हर्णैत पावसात लाइट गेली की पाठोपाठ नेट जातं, हे तुम्हाला नवीन नाही. भरणा मशीनवर झाला की तेवढी रक्कम माझ्या सेटलमेंट खात्यातून (केंद्राच्या व्यवहारांसाठी बँकेत ठेवलेल्या माझ्या खात्यातून) वळती होऊन ग्राहकाच्या खात्यात जाते आणि पावती निघते. नेट नसताना घेतलेले पैसे बँकेच्या लेखी कुठेच नसतात, ते नुसते माझ्या गल्ल्यात असतात. पेनाने लिहिलेला आकडा बँक मानत नाही. ‘ठेवून जा, उद्या भरतो’ म्हणत म्हाताऱ्या माणसांचे पैसे गिळलेले आहेत, आणि गिळणारा दरवेळी ओळखीचाच असतो. अनोळखी माणसाकडे कोण ठेवतंय? शिवाय बँकेचा माणूस न सांगता येऊन गल्ला आणि मशीनचा हिशेब ताडून बघतो. जास्तीची रोकड निघाली तर मी काय सांगू?

आता अंगठा. आईंचं पेन्शनचं खातं दुसऱ्या बँकेत आहे. त्यातून आधारवर पैसे काढायला घेतलेल्या पहिल्या अंगठ्याला ‘फेल’ आलं. दुसरा अंगठा मिनी स्टेटमेंटसाठी, म्हणजे खात्यातले शेवटचे काही व्यवहार बघायला होता, पैसे काढायला नव्हे. स्क्रीन तुमच्याकडे फिरवून दाखवली होती. त्यात रक्कम कापलेली दिसली. तसंच पुन्हा काढायला गेलो असतो तर दोनदा कापली गेली असती. अशी अडकलेली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमाप्रमाणे व्यवहारानंतर पाच दिवसांत परत जमा व्हायला हवी, पुढे उशिराच्या दर दिवसाला १०० रुपये भरपाई. अजून आली नसेल तर ‘फेल’ची पावती घेऊन आईंच्या बँकेत लेखी तक्रार द्या. पावती मी तेव्हाच पासबुकात घालून दिली आहे.

शेजारच्या गावात पेनाने लिहून देतात म्हणता. तिथे भरलेले पैसे खात्यात दिसतात का, ते शाखेत पासबुक छापून एकदा बघाच. माझ्याबद्दल तक्रार करायची तर शाखेचा नंबर दारावरच्या फलकावर आहे.