पुढच्या साथीआधी उरकून घ्यायची कामे

मागच्या, म्हणजे कोरोनाच्या, वेळी तुमची जी फसगत झाली ती तुमची तयारी नव्हती म्हणून झाली, हे आधी मोकळ्या मनाने मान्य करावे. २४ मार्च २०२० रोजी रात्री आठ वाजता टाळेबंदी जाहीर झाली आणि बाराच्या ठोक्याला ती लागू झाली. मधले चांगले चार तास हातात असताना ज्याला दुकानातला नाशवंत माल खपवता आला नाही, कामगारांचा हिशेब करता आला नाही आणि गाळ्याच्या मालकाशी भाड्याचे बोलून घेता आले नाही, त्याने सरकारला दोष देण्यापेक्षा आपले घड्याळ दुरुस्तीला टाकावे. पुढची साथ केव्हा येईल हे कोणालाच सांगता येणार नाही, पण ती आल्यावर मदत कोणाच्या दारात पोहोचेल हे मागच्या अनुभवावरून पुष्कळ नेमकेपणाने सांगता येते, आणि म्हणूनच लहान धंदा करणाऱ्यांनी व त्यांच्याकडे नोकरी करणाऱ्यांनी काही कामे आताच उरकून घेतलेली बरी.

सर्वांत निकडीचे काम म्हणजे कर्ज काढणे. अंथरूण पाहून पाय पसरावेत, उधारी करू नये, बँकेच्या पायऱ्या चढण्याची वेळ येऊ देऊ नये, असे तुमच्या वडिलांनी तुम्हाला शिकवले असेल आणि तुम्ही ते निमूटपणे पाळलेही असेल. तुमच्या घराण्याचे सर्वांत मोठे नुकसान याच शिकवणुकीने केले आहे. मे २०२० मध्ये २० लाख कोटी रुपयांच्या पॅकेजची घोषणा झाली आणि त्यात लहान उद्योगांसाठी ३ लाख कोटींची विनातारण कर्जे होती, तीही सरकारच्या शंभर टक्के हमीवर. तुम्ही बातमी ऐकून बँकेत गेलात तेव्हा कळले की २९ फेब्रुवारी २०२० रोजी तुमच्या नावावर जे कर्ज शिल्लक असेल त्याच्या २० टक्के रक्कम तुम्हाला नव्याने मिळणार आहे. आयुष्यभर एक पैसा न बुडवणाऱ्या आणि एक पैसा न उचलणाऱ्या माणसाला शून्याचे वीस टक्के किती होतात हे बोटांवर मोजावे लागले नाही. तेव्हा काटकसर सोडावी, एखादे कर्ज सतत डोक्यावर ठेवावे आणि ते पूर्ण फिटणार नाही याची डोळ्यांत तेल घालून काळजी घ्यावी.

हप्त्यांची चिंता करू नये. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२० पासून आधी तीन महिने आणि मग ऑगस्टअखेरपर्यंत हप्ते लांबणीवर टाकण्याची मुभा दिली होती. हप्ता थांबला तरी व्याज थांबत नाही, ते तुमचे दुकान बंद असतानाही न चुकता कामावर हजर असते, एवढी बारीक गोष्ट लक्षात ठेवली म्हणजे झाले.

तुमच्याकडे दोन-तीन माणसे कामाला असतील तर त्यांच्याशी वागण्याचा सरावही आतापासून करावा. २९ मार्च २०२० च्या आदेशाने मालकांना बजावले गेले की बंदच्या काळातले वेतन वेळेवर आणि कपात न करता द्यावे. उत्तम, माणुसकीचा आदेश होता. रिकाम्या गल्ल्यातून पूर्ण पगार कसा काढायचा एवढेच त्यात लिहायचे राहिले होते. १८ मेपासून तो आदेश उरला नाही, आणि त्यानंतर पुष्कळ ठिकाणी नोकऱ्याही उरल्या नाहीत. नोकरदारांनी निराश होऊ नये, कारण त्यांना भविष्य निर्वाह निधीतून तीन महिन्यांच्या मूळ वेतन व महागाई भत्त्याइतकी किंवा शिलकीच्या ७५ टक्के, यांपैकी जी कमी असेल तेवढी रक्कम काढण्याची सवलत मिळाली होती. स्वतःचेच पैसे स्वतःला परत मिळण्याला मदत म्हणावे की नाही असा प्रश्न काही कुजक्या मनाच्या लोकांना पडला, तो तुम्ही पाडून घेऊ नये. ज्यांचा असा निधीच कापला जात नव्हता, म्हणजे दुकानातला पोऱ्या, हॉटेलातला वेटर, हमाल, धुणेभांडी करणारी बाई, त्यांच्यासाठी प्रश्न आणि सवलत दोन्ही नव्हते.

आता हातगाडीवाल्यांकडे वळू, कारण खरी कसोटी तिथे आहे आणि महापालिकेची कर्तबगारीही तिथेच दिसते. १ जून २०२० रोजी पथविक्रेत्यांसाठी स्वनिधी योजना आली. तिच्यात तेव्हा १० हजार रुपयांपर्यंतचे खेळते भांडवल होते, म्हणजे कर्जच, एका वर्षात फेडायचे. वेळेवर फेडल्यास व्याजावर ७ टक्के अनुदान. मोबाइलवरून पैसे घेतल्यास महिन्याला जास्तीत जास्त १०० रुपये परत. अट अशी होती की २४ मार्च २०२० ला किंवा त्यापूर्वी तुम्ही रस्त्यावर विकत होतात हे सिद्ध झाले पाहिजे. २०१४ च्या कायद्याप्रमाणे शहराने पाच वर्षांतून निदान एकदा फेरीवाल्यांचे सर्वेक्षण करायचे असते. त्या सर्वेक्षणात नाव आणि हातात प्रमाणपत्र असेल तर प्रश्न नाही. नसेल तर त्याच महापालिकेकडून शिफारसपत्र आणावे, आणि त्यासाठी आपण विक्रेते असल्याचा काही पुरावा द्यावा.

रोज सकाळी सहाला गाडी लावणाऱ्या, वीस वर्षे त्याच कोपऱ्यावर केळी विकणाऱ्या माणसाकडे पुरावा काय असणार? कोपरा त्याला ओळखतो, गिऱ्हाईक ओळखते, गाडीच्या चाकांनी फरसबंदीत पाडलेले दोन खळगेही ओळखतात, पण यांतले कोणी स्वाक्षरी-शिक्का देत नाही. माझ्या ओळखीच्या एका केळीवाल्याने अर्जासाठी घरातला पत्र्याचा डबा उपसला, तेव्हा त्यात त्याच्या धंद्याचा एकुलता एक सरकारी कागद निघाला: अतिक्रमणच्या गाडीने वजनकाटा उचलून नेला होता तो सोडवताना भरलेल्या दंडाची पावती. तारीख, ठिकाण, मालाचे वर्णन, रक्कम, सगळे जिथल्या तिथे. ज्या कार्यालयाच्या एका टेबलाने हा माणूस इथे बेकायदा बसतो असे लिहून दिले होते, त्याच कार्यालयाच्या दुसऱ्या टेबलावर हा माणूस इथेच बसतो याचा तो पुरावा ठरला. म्हणून यापुढे अतिक्रमणची गाडी दिसली की माल घेऊन गल्लीबोळात पळण्याचा मूर्खपणा करू नये. शांतपणे उभे राहावे, काटा स्वतःच्या हाताने गाडीत चढवावा आणि पावती मात्र हक्काने मागून घ्यावी.

नोंदणीचे महत्त्व एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा पटले. राज्य सरकारने निर्बंध लावताना ५,४७६ कोटींची तरतूद जाहीर केली आणि त्यात नोंदणीकृत फेरीवाल्यांना व परवानाधारक रिक्षाचालकांना प्रत्येकी १,५०० रुपये ठेवले. निर्बंध सुरुवातीला पंधरा दिवसांचे होते, तेव्हा दिवसाला शंभर रुपये पडत होते. पुढे ते १ जूनच्या सकाळपर्यंत लांबले, पण रक्कम तीच राहिली, आणि भागाकार केल्यास दिवसाला साधारण ३१ रुपये येतात. बिगरनोंदणीकृतांचा भागाकार अर्थातच करावा लागत नाही.

दुकान पुन्हा उघडण्याची घाई झालेल्यांनी दिनदर्शिकेचा अभ्यास वाढवावा. जून २०२० मध्ये रस्त्याच्या एका बाजूची दुकाने विषम तारखेला आणि दुसऱ्या बाजूची सम तारखेला, नऊ ते पाच, असा नियम होता, आणि कपड्यांच्या दुकानात अंगाला लावून पाहणे व बदलून घेणे या दोन्हींना बंदी होती. म्हणजे गिऱ्हाइकाने विषम तारखेला अंदाजाने सदरा घ्यावा आणि तो घट्ट झाला तर सम तारखेला समोरच्या बाजूने त्याच्याकडे पाहत बसावे. सलून जूनअखेर उघडले, पण केस कापायला परवानगी आणि दाढीला नाही. आमच्या न्हाव्याने दारावर पाटी लावली होती, ‘कटिंग चालू, दाढी बंद, कृपया वाद घालू नये’. मुंबईत तर दुकाने उघडल्यावरही तिथल्या सेल्समनला लोकलमध्ये मज्जाव होता. १ फेब्रुवारी २०२१ पासून सर्वसामान्यांना ती खुली झाली, पण सकाळी सातच्या आधी, दुपारी बारा ते चार आणि रात्री नऊनंतर. दहाला उघडणाऱ्या दुकानाच्या नोकराने सातच्या आत निघावे, शटरला टेकून तीन तास आत्मपरीक्षण करावे आणि रात्री नऊपर्यंत पुन्हा तेच करावे, अशी सोय होती. पुढच्या वेळी शटरला टेकून बसता येईल असा एक ओटा बांधून ठेवावा. परवानगी महापालिकेकडून घ्यावी, नाहीतर तो अतिक्रमणात निघेल. तसा तो निघाला तरी पावती मिळेलच.

या सगळ्या पावत्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून पत्र्याच्या डब्यात ठेवाव्यात. त्यांची शाई दोन पावसाळ्यांत उडते, म्हणून प्रत्येकीच्या तीन-तीन झेरॉक्स काढून घ्याव्यात, आणि झेरॉक्सचे दुकान रस्त्याच्या कोणत्या बाजूला आहे तेही एकदा जाऊन पाहून यावे.