थंडी, द्राक्षे आणि ओव्याची धुरी : एका संदेशाचा प्रतिवाद

निफाडचा पारा उतरू लागला की नाशिकमधल्या घरगुती व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश हमखास फिरतो. लहान मुलांना न्यूमोनिया थंड हवा आणि थंड पदार्थ यांमुळे होतो, असे त्याचे म्हणणे असते. म्हणून द्राक्षे, केळी, दही बंद करावे, दारे-खिडक्या लावून शेगडी पेटवावी, बाळाला ओव्याची धुरी द्यावी, बाळगुटी मधातून चाटवावी आणि सर्दी असेपर्यंत लस टाळावी.

न्यूमोनिया जंतूंमुळे होतो. कधी विषाणूंमुळे, कधी न्यूमोकोकस किंवा हिब यांसारख्या जिवाणूंमुळे. थंडीच्या दिवसांत माणसे बंद खोलीत दाटीने बसतात, त्यामुळे एकाची शिंक दुसऱ्यापर्यंत सहज पोहोचते, एवढे मान्य करायला हवे. नवजात आणि कमी वजनाच्या बाळाला ऊब लागते, हेही खरेच आहे. मात्र ती दुपट्याने, टोपड्याने आणि आईच्या अंगाशी धरून देता येते.

द्राक्षांनी किंवा दह्याने न्यूमोनिया होत नाही. द्राक्षाची भीती बाळगायचीच असेल तर ती अख्खे द्राक्ष घशात अडकण्याची बाळगावी, आणि लहान मुलाला ते उभे चिरून द्यावे. कुपोषणाने मात्र न्यूमोनियाचा धोका खूप वाढतो. तेव्हा आधीच हडकुळ्या मुलाच्या ताटातून एकेक पदार्थ काढून घेणे हा उपाय कसा ठरतो, हे संदेश लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

सर्वांत घातक सल्ला शेगडीचा आणि धुरीचा आहे. श्वासनलिकेच्या आतल्या बाजूस असलेले सूक्ष्म केस जंतूंना बाहेर लोटत असतात. धूर नेमके त्यांचेच काम मंदावतो, आणि बंद खोलीतल्या कोळशाच्या शेगडीतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला तर वासही नसतो. घरातल्या धुरामुळे लहान मुलांच्या फुप्फुसांच्या संसर्गाचा धोका जवळजवळ दुपटीने वाढतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर चुलीपुढे बसलेल्या आईच्या मांडीवरचे मूल तो धूर नाइलाजाने घेते. सिडकोतल्या गॅस असलेल्या घरात आपण तो हौसेने करतो. वडिलांच्या सिगारेटबद्दल तर संदेशात अवाक्षरही नाही.

एक वर्षाखालच्या बाळाला मध देऊच नये, कारण त्यातून बोट्युलिझम ही जिवाणूंमुळे होणारी गंभीर विषबाधा होऊ शकते. पहिले सहा महिने आईचे दूध पुरेसे असते आणि संसर्गापासून संरक्षणही तेच देते.

किरकोळ सर्दीसाठी लस पुढे ढकलण्याचे कारण नाही. न्यूमोकोकसची लस 2021 पासून देशभरातील सरकारी लसीकरणात आहे आणि ती 6 आठवडे, 14 आठवडे व 9 महिने या वयांत मोफत मिळते. गोवरानंतरही न्यूमोनिया होतो. 2022 मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या मालेगावात गोवराची साथ आली होती, हे विसरून चालणार नाही.

संदेशात नसलेली, पण जीव वाचवू शकणारी गोष्ट म्हणजे श्वास मोजणे. खोकला असलेले मूल शांत असताना घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर मोजावे : दोन महिन्यांखाली 60, दोन ते बारा महिन्यांत 50 आणि एक ते पाच वर्षांत 40 किंवा त्याहून अधिक श्वास भरले, श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला गेला, किंवा मूल दूध पिईनासे झाले, तर सकाळची वाट न पाहता त्याला दवाखान्यात न्यावे.